परदेशातून परतलेल्यांचा मोटार विमा : स्वस्ताई नेमकी कशात?

(अमरावती येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका निवृत्त विमा अधिकाऱ्याने केलेले भाषण)



सर्वसाधारण विम्याच्या क्षेत्रात माझी सारी नोकरी अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत झाली. त्या अनुभवाच्या आधारे आज मी एका लहानशा वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. परदेशात काही वर्षे राहून जी माणसे आपल्या वऱ्हाडात परत येतात, त्यांनी मोटारीचा विमा माफक खर्चात कसा उतरवावा, हा तो विषय होय.

हा विषय या सभेत कशासाठी, असे कोणी विचारील. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी उच्च शिक्षणासाठी विलायत गाठली, त्या काळी समुद्रापार जाणारा माणूस तालुक्यात एखादाच असे. आज वरूड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराचा मुलगा आखाती देशात अभियंता असतो, मूर्तिजापूरची मुलगी ब्रिटनमध्ये परिचारिका असते आणि दर्यापूरचा तरुण अमेरिकेत संगणकाचे काम करीत असतो. त्यांतील बरेचजण पुढे परत येतात. कोणी आईवडिलांसाठी येतो, कोणी शेतीसाठी, तर कोणाचा तिकडचा करार संपलेला असतो. परत आल्यावर पहिल्या महिन्यात गाडी लागते आणि गाडीबरोबर तिचे कागद येतात. अशा वेळी तो मनुष्य विमा कंपनीच्या कार्यालयात एकदम जात नाही. तो आपल्या जुन्या शिक्षकांना विचारतो, सरपंचांना विचारतो, तहसील कचेरीतल्या ओळखीच्या माणसाला विचारतो. म्हणजे सल्ला तुमच्याकडूनच जाणार आहे. तो बरोबर जावा, एवढ्यासाठी हे भाषण.

एका घरची हकीकत

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. एक तरुण नऊ वर्षे आखातात नोकरी करून अचलपूर तालुक्यात परतला. दरम्यान त्याचे वडील वारले होते. वडिलांची मोटार वाड्यात ताडपत्रीखाली उभी होती. नोंदणी वडिलांच्याच नावावर होती आणि विम्याची मुदत संपून अकरा महिने झाले होते. गाडी चालू झाली. कोणीतरी त्याला विम्याचा मोठा आकडा सांगितला. 'संत्र्याचा बहार विकला की सर्व कागद एकदम करू,' असे त्याने ठरविले. तोवर आईला दवाखान्यात नेण्यापुरतीच गाडी काढायची, असा त्याचा विचार होता.

एका सायंकाळी परतीच्या वाटेवर सायकलीवरून घरी निघालेल्या एका जिनिंग कामगाराला त्या गाडीचा धक्का लागला. कामगार वाचला, पण त्याचा एक पाय कायमचा अधू झाला. पुढे ते कुटुंब कोणाच्या तरी सांगण्यावरून माझ्याकडे सल्ल्याला आले. त्या बाईचे शब्द मी विसरलो नाही. ती म्हणाली, "साहेब, कागद त्याहीच्या गाडीचा नव्हता, अन् पाय माह्या घरधन्याचा गेला."

तो तरुण दुष्ट नव्हता. त्यानेच कामगाराला दवाखान्यात पोहोचविले होते. परंतु विमा नसल्यामुळे भरपाईचा सर्व भार त्याच्यावर आला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम दिली गेली नाही, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७४ खाली ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येते. महसूल खात्यातील मंडळींना याचा अर्थ मी समजावून सांगायला नको. नऊ वर्षांची शिल्लक त्यात गेली. आणि ती रक्कमही त्या कामगाराच्या घरी हप्त्याहप्त्याने, फार उशिरा पोहोचली. दोन-तीन हजार रुपयांचा एक कागद वेळेवर घेतला असता, तर दोन्ही घरे सावरली असती.

विम्याचे दोन भाग

मोटार विम्याचे दोन भाग असतात. ते वेगळे समजून घेतल्याशिवाय स्वस्त-महागाची चर्चा करता येत नाही.

पहिला भाग तृतीय पक्षाचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, मृत्यू आला अथवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या भागातून होते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ही तरतूद आली आणि १९४६ पासून ती सक्तीची झाली. आज १९८८ च्या अधिनियमाचे कलम १४६ तेच सांगते. विमा नसताना गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड चार हजार रुपये होतो.

या भागाचा दर सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीस २,०९४ रुपये, हजार ते दीड हजारपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीस ७,८९७ रुपये असा वार्षिक हप्ता ठरला, कर वेगळा. येथे घासाघीस चालत नाही. कोणतीही कंपनी यात सूट देत नाही आणि मालक परदेशातून आला म्हणून जादा आकारणीही करीत नाही. याहून फार कमी रकमेत कोणी 'कागद करून देतो' म्हणाला, तर तो कागद बनावट समजावा. विमापत्र हाती आल्यावर ते परिवहन विभागाच्या 'वाहन' नोंदीत दिसते की नाही, हे पाहावे. भ्रमणध्वनीवरील 'एम-परिवहन'मध्ये गाडीचा क्रमांक घातला की ही माहिती मिळते.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर यांपासूनचे संरक्षण त्यात असते. हा भाग कायद्याने सक्तीचा नाही. याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले, त्यामुळे कंपनीगणिक फरक पडतो. स्वस्ताई शोधायची ती या भागात.

सवलतीचा हिशोब

स्वतःच्या नुकसानीचा हप्ता गाडीचे घोषित मूल्य, इंजिनाची क्षमता, गाडीचे वय आणि नोंदणीचे ठिकाण यांवर ठरतो. २००२ च्या मोटार दरपत्रकात देशाचे दोन विभाग केलेले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद ही शहरे 'अ' विभागात, बाकी सर्व देश 'ब' विभागात. अमरावतीची एमएच २७ आणि अकोल्याची एमएच ३० ही नोंदणी 'ब' विभागात येते आणि तिचा मूळ दर थोडा कमी असतो. पुण्यामुंबईच्या पत्त्यावर गाडी नोंदवून ती कायम वऱ्हाडात चालविणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता एक उदाहरण घेऊ. गाडीचे घोषित मूल्य पाच लाख रुपये, इंजिन बाराशे घनसेंटिमीटरचे, वय पाच वर्षांच्या आत. जुन्या दरपत्रकातील 'ब' विभागाचा दर शेकडा ३.१९१ होता. त्या हिशोबाने हप्ता १५,९५५ रुपये होतो. आज कंपन्या आपापले दर लावतात. परंतु हिशोबाची रीत समजण्यास हा आकडा पुरेसा आहे.

या आकड्यावर सर्वांत मोठी सूट मिळते ती मागील वर्षांत दावा न केल्याबद्दलची. व्यवहारात तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. एक वर्ष दावा नसेल तर २० टक्के, मग क्रमाने २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशा तिच्या पायऱ्या आहेत. पन्नास टक्के सूट असलेल्या माणसाला वरील हप्ता ७,९७८ रुपये पडतो, नसलेल्याला १५,९५५. परदेशातून परतलेल्या माणसाला विमा महाग वाटतो, याचे कारण बहुधा एवढेच असते की त्याला शून्य पायरीवर धरलेले असते.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. ही सूट गाडीची नसून माणसाची असते. गाडी विकली तरी सूट विकली जात नाही. ती मूळ मालकाकडे राहते. इतकेच नव्हे, तर त्याच दरपत्रकाच्या नियमांत परदेशात मिळविलेल्या सवलतीचाही विचार केलेला आहे. परदेशी विमापत्राची मुदत संपल्यापासून तीन वर्षांच्या आत भारतात विमा घेतला आणि तिकडच्या सवलतीचा पुरावा दिला, तर ती सवलत येथे धरता येते. दर खुले झाले तरी सवलतीच्या बाबतीत कंपन्यांनी साधारणपणे याच नियमांची रीत चालू ठेवली.

अनुभव असा, की ही गोष्ट परतणाऱ्याला ठाऊक नसते आणि कधी कधी विमा विकणाऱ्यालाही नसते. अकोल्याची एक परिचारिका सहा वर्षे ब्रिटनमध्ये राहून परत आली. तिकडची गाडी विकताना तेथील कंपनीने तिला दाव्याविना गेलेल्या वर्षांचे एक पत्र दिले होते. 'आता या कागदाचा काय उपयोग,' म्हणून ती ते फेकणार होती. तिच्या आईने ते मुलांच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर ठेवून दिले. येथे गाडी घेताना पहिल्या ठिकाणी तिला सांगण्यात आले की परदेशाचे काही चालत नाही. मी तिला एवढेच सुचविले की तोंडी उत्तर घेऊ नये, अर्ज लिहून द्यावा आणि दोन-तीन कार्यालयांत द्यावा. दुसऱ्या ठिकाणी तिचे पत्र मान्य झाले. पहिल्याच वर्षी तिचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता निम्म्यावर आला.

म्हणून ज्यांची मुले परदेशात आहेत, त्यांना आजच पत्र लिहा, दूरध्वनी करा. निघण्यापूर्वी तिकडच्या विमा कंपनीकडून आपल्या नावाचे, विमापत्राचा क्रमांक, मुदतीच्या तारखा, दाव्याविना गेलेली वर्षे व सवलतीचे प्रमाण लिहिलेले पत्र घ्या. ब्रिटनमध्ये व आखाती देशांत असे पत्र सहज मिळते. अमेरिकेत अशा ठरावीक पायऱ्या नसतात, तेथे मागील दाव्यांचा इतिहास सांगणारे पत्र मागावे. त्यावर किती सवलत द्यावयाची हे येथील कंपनी पाहील. पत्र अरबीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. येथे आल्यावर हे पत्र मागविण्यास महिने लागतात.

जाणाऱ्यांसाठीही हाच नियम उपयोगी आहे. परदेशी जाताना येथील गाडी विकली, तर आपली सवलत राखून ठेवल्याचे पत्र कंपनीकडून घ्यावे. तेही तीन वर्षे चालते.

मात्र नसलेली सवलत सांगू नये. सवलतीची खातरजमा पूर्वीच्या कंपनीकडे केली जाते. खोटे निघाले तर ऐन दाव्याच्या वेळी स्वतःच्या गाडीची भरपाई हातची जाते. वाचविलेले चार-पाच हजार अशा रीतीने लाखाला पडतात.

वाड्यात उभी असलेली गाडी

आता त्या ताडपत्रीखालच्या गाडीकडे वळू. अशी गाडी आज पुष्कळ घरी आहे. मुलगा परदेशात, वडील थकलेले, गाडी उभी. विमा दरवर्षी कशाला, असे वाटते. परंतु विम्याची मुदत संपून नव्वद दिवस उलटले, की जमलेली सवलत जाते. पुढे स्वतःच्या नुकसानीचा विमा घेताना गाडीची तपासणी करावी लागते. म्हणून गाडी रस्त्यावर येण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर विमा खंडित होऊ देऊ नये. ती मुळीच बाहेर काढावयाची नसेल, तर केवळ आग व चोरी यांपुरते संरक्षण मिळेल काय, हे कंपनीला लेखी विचारावे.

मालक वारला असेल, तर वारसाने तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नोंदणी आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज करावा. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, हे खरे. मृत्यूचा दाखला देताना ग्रामपंचायतीने घरच्या माणसांना एवढी आठवण केली, तर ती मोठी मदत होईल. पती, पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडे गाडी आली, तर मृताची दावारहित सवलतही त्यांना मिळू शकते. त्या अचलपूरच्या तरुणाला वेळेवर कोणी हे सांगितले असते, तर वडिलांच्या सावध गाडी चालविण्याचा लाभ मुलास झाला असता.

परवान्याची बाजू

विमा आहे पण परवाना नाही, ही दुसरी अडचण. परदेशात राहताना येथील वाहन चालविण्याचा परवाना संपून जातो. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला तर ते होते. त्यानंतर पुन्हा चाचणी द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षापुरता असतो. येथे कायमचे राहावयास आल्यावर तिकडच्या परवान्याच्या भरवशावर गाडी चालवू नये. परवाना नसलेल्या चालकाकडून अपघात घडला, तर स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारली जाते. तृतीय पक्षाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात जी दिशा दाखविली, तीनुसार कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग योग्य प्रकरणी मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश होऊ शकतात. अपघातग्रस्ताला न्याय मिळतो. पण मालकाची सुटका होत नाही.

काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

काटकसरीचे काही रास्त मार्ग आहेत. २०१९ च्या सप्टेंबरपासून स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळ्या कंपनीकडून घेता येतो, तेव्हा तीन-चार कंपन्यांचे दर लेखी मागवावेत. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणातून उभ्या राहिलेल्या चारही सार्वजनिक कंपन्यांची कार्यालये अमरावती व अकोला येथे आहेत. खाजगी कंपन्याही आहेत. किरकोळ नुकसानीचा पहिला काही भाग स्वतः सोसण्याची तयारी दाखविली, तर हप्ता कमी होतो. लहानसहान ओरखड्यासाठी दावा करू नये. दोन हजारांच्या दाव्यापायी पन्नास टक्के सवलत जाते. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आवश्यक असतो. पण तो दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्रपणे घेतलेला असेल तर पुन्हा घेण्याचे कारण नाही. गाडी वर्षाकाठी थोडीच फिरणार असेल, तर फिरलेल्या अंतरानुसार हप्ता आकारण्याची सोय २०२२ पासून काही कंपन्यांनी आणली आहे, तीही विचारावी.

परंतु हप्ता उतरविण्यासाठी घोषित मूल्य फार खाली आणू नये. गाडी चोरीस गेली तर तेवढेच पैसे मिळतात. अकोल्यात मोर्णेकाठी राहणाऱ्यांनी इंजिनात पाणी शिरण्यापासूनचे जादा संरक्षण बिनमहत्त्वाचे मानू नये. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बिघडविली, तर साध्या विम्यात ते नुकसान बहुधा बसत नाही.

रस्ता आणि जबाबदारी

मित्रहो, अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर जून २०२२ मध्ये पंचाहत्तर किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातली गेली आणि तिची जागतिक विक्रमांत नोंद झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तो आपल्या धामणगाव भागातून जातो. रस्ते चांगले झाले, वेग वाढला. परदेशात रुंद व बंदिस्त मार्गांवर गाडी चालविण्याची सवय झालेल्या माणसाला आपल्याकडे अंधारात बैलगाडी लागते, कापसाची गाडी लागते, शेतातून परतणाऱ्या मजुरांचा घोळका लागतो. या माणसांपैकी बहुतेकांचा स्वतःचा कोणताही विमा नसतो. त्यांच्या वाट्याला जो काही आधार येतो, तो समोरून येणाऱ्या गाडीच्या कागदात असतो.

अपघात घडल्यास जखमीच्या कुटुंबाला तुम्ही तीन गोष्टी सांगा. गाडीच्या विम्याची माहिती पोलिसांकडून घ्यावी. भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे करावा. गाडी पळून गेली असेल आणि तिचा पत्ता लागत नसेल, तरी निराश होऊ नये. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. विमा कंपनीने मालकाचा दावा अन्यायाने अडविला असेल, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, नंतर विमा लोकपालाकडे किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. लोकपालाकडे शुल्क लागत नाही.

शेवटी एवढेच सांगतो. परदेशातून येणारा माणूस पेट्या भरताना कपडे मोजतो, भेटवस्तू मोजतो. त्याच्या हातबॅगेत विमा कंपनीचे एक पत्र असावे, एवढी सूचना तुमच्याकडून त्याच्यापर्यंत गेली, तर त्याचे काही हजार रुपये वाचतील. आणि येथे आल्यावर गाडीची किल्ली फिरविण्यापूर्वी तिचा विमा आहे की नाही हे पाहण्याची सवय आपण गावाला लावली, तर सायकलीवरून घरी निघालेल्या एखाद्या कामगाराच्या कुटुंबाचा आधार शाबूत राहील. हे काम ग्रामसभेत पाच मिनिटांत आणि शाळेच्या पालकसभेत दोन मिनिटांत होण्यासारखे आहे. ते आपण कराल, अशी खात्री बाळगून मी आपली रजा घेतो.